जालना ते कोकण किनारा : कुटुंबासह कारवानने जाताना

जालना जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत अशी मुलं आहेत, ज्यांनी गोदावरीचा पूर पाहिलाय, जायकवाडीचं अथांग पाणी पाहिलंय, पण समुद्र अजून पाहिलेला नाही. आजी-आजोबांपैकी अनेकांनी पंढरपूर, तुळजापूर, शिर्डी केलेलं असतं. कोकण मात्र ‘पुढच्या वर्षी’वर ढकललं जातं. अंतर लांब, घाटाची भीती, म्हाताऱ्या माणसांची पथ्यं, लहानग्यांची झोप. झोपायला पलंग, छोटा ओटा आणि स्वच्छतागृह असलेली कारवान या अडचणी बऱ्याच कमी करते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारवान पर्यटन धोरण जाहीर केलं आणि तेव्हापासून मराठी कुटुंबांत या गाड्यांची विचारणा वाढली.

अशी सहल बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. अष्टविनायक आटोपावेत तसा किनारा आटोपायचा बेत केला जातो. अलिबागपासून गोव्यापर्यंत सगळं एका सुट्टीत, रोज नवं गाव, रोज नवं देऊळ, आणि समुद्र फक्त खिडकीतून. कारवान ही थांबण्यासाठी घ्यायची गाडी आहे. किनाऱ्यावर उतरल्यावर दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटरपेक्षा जास्त चालवायची नाही, आणि दिवसाचा क्रम भरती-ओहोटी पाहून लावायचा, हे दोन नियम घरातल्या सगळ्यांनी आधी मान्य करावेत. बाकीची तयारी त्यानंतर.

कधी जावं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो. त्यातही भाऊबीजेनंतरचा आठवडा, नाताळची सुट्टी आणि ३१ डिसेंबर टाळता आला तर टाळा; फेरीबोटीच्या रांगेतच दिवस जातो. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच सोयीचा असेल, तर पहिल्या पंधरवड्यात जा. आंबा मिळेल, पण उकाडा आपल्यासारखा नसतो. जालन्याच्या उन्हात घाम वाळून जातो, कोकणात तो अंगावर राहतो. म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास जास्त होतो, म्हणून अकरा ते चार फिरणं नको. मेअखेरीस अरबी समुद्रात वादळं तयार होऊ शकतात. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला झोडपत गेलं, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तर थेट श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकलं. त्या काळात हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा. जून ते ऑगस्ट हे महिने कारवानचे नव्हेत. घाटात दरडी कोसळतात आणि किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात.

गाडी ठरवताना

कारवान भाड्याने देणारे व्यावसायिक मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत. गाडी जालन्यापर्यंत मागवली, तर रिकाम्या फेरीचे किलोमीटर आपल्याच बिलात येतात. हे टाळायचं असेल, तर जालन्याहून वंदे भारत पकडून दुपारी ठाण्याला उतरावं आणि कारवान तिथे बोलवावी. ही गाडी ३० डिसेंबर २०२३ पासून जालना-मुंबई धावू लागली. आता ती नांदेडहून येते. आजी-आजोबांचा सगळ्यांत लांबचा टप्पा त्यामुळे आरामात होतो. कारवान मिळालीच नाही, तर जालन्यातून किंवा छत्रपती संभाजीनगरातून टेम्पो ट्रॅव्हलर घ्या आणि रात्री घरगुती निवासात राहा. या लेखातल्या बहुतेक सूचना त्या प्रवासालाही लागू पडतात.

ठरवण्याआधी गाडी डोळ्यांनी पाहा. फोटोत सहा जणांची दिसणारी झोपायची सोय प्रत्यक्षात चार मोठी माणसं आणि दोन मुलांची असते. चालत्या गाडीत जितकी माणसं, तितके सीटबेल्ट आहेत का, हे मोजा. गाडी चालू असताना कोणीही पलंगावर झोपायचं नाही; ब्रेक लागला की झोपलेलं माणूस थेट पुढे फेकलं जातं. आपत्कालीन दार किंवा खिडकी कुठे आहे, ती आतून उघडते का, काच फोडायची हातोडी आणि अग्निशामक नळकांडं जागेवर आहे का, हे स्वतः बघा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस दाराच्या बाजूवर पडल्यामुळे दार उघडता आलं नाही. वाचले ते काच फोडून बाहेर पडले. निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, अगदी दहा वर्षांच्या मुलालाही, बाहेर पडायची दुसरी वाट दाखवून ठेवा.

पिवळ्या पाटीची, पर्यटक परवान्याची गाडीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘ओळखीत’ स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. करार लेखी हवा. त्यात प्रतिकिलोमीटर दर, रोजचे किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, रात्रीच्या मुक्कामाचा आकार, जनरेटरचं इंधन, टोल, फेरीबोटीचं भाडं आणि अनामत रक्कम हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. चालक कुठे झोपणार, हेही आधीच ठरवा. त्याला स्वतंत्र खोली आणि सलग सात-आठ तासांची झोप देणं हा त्या सहलीतला सर्वांत महत्त्वाचा खर्च आहे.

स्वतः चालवायचा विचार असेल, तर हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचं वाहन चालवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. तरीही कारची सवय इथे पुरत नाही. गाडी उंच असते, मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर असतो आणि वळताना तो बाहेर झुकतो. गाडीची उंची आणि रुंदी कागदावर लिहून चालकासमोर चिकटवून ठेवा. कोकणात वाटेवर खाली आलेली फांदी, विजेची तार आणि जांभ्या दगडाचा गडगा हे रोजचंच आहे.

किनाऱ्यापर्यंत आणि परत

रस्त्याने निघणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग सरळ आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यामुळे कसाऱ्याचा घाट टळला. पण एकसुरी सरळ रस्त्यावर डोळा लागतो आणि तापलेलं टायर फुटतं. निघण्याआधी टायरची हवा आणि झीज तपासा, दर दोन तासांनी थांबा, उंच गाडी ऐंशीच्या वर नेऊ नका आणि रात्री बारा ते पाच गाडी चालवू नका. डिझेलची टाकी जालन्यातच भरा. आमण्याहून भिवंडी-ठाणे परिसराची गर्दी ओलांडून पनवेल, पेण, वडखळमार्गे अलिबाग लागतं. हे एका दमात करण्यापेक्षा इगतपुरी परिसरात मुक्काम केलेला बरा.

परतीला आलेलीच वाट धरायची गरज नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्गाने आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून सांगलीमार्गे सोलापूर आणि मग सोलापूर-धुळे महामार्गाने बीड, गेवराई, शहागड करत वडीगोद्रीला वळून अंबडमार्गे जालना. या वाटेवर एक मुक्काम हवाच. कोल्हापूर किंवा पंढरपूर सोयीचं पडतं. घाट दिवसाउजेडी पार करा. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून न राहता खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवा. ब्रेकचा जळका वास आला, तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. त्यावर पाणी मारू नका.

किनाऱ्यावरचा आराखडा

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अलिबाग ते रत्नागिरी एवढाच पट्टा घ्यावा. मालवण-तारकर्ली ही स्वतंत्र सहल आहे.

पहिल्या संध्याकाळी अलिबाग किंवा नागाव. दुसऱ्या दिवशी रेवदंडा, काशीद करत पन्नासेक किलोमीटरवरचं मुरूड, आणि राजपुरीच्या धक्क्यावरून होडीने जंजिरा. तिसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. हरिहरेश्वरला दोन रात्री राहिलात तर उत्तम. तिथली डोंगराभोवतीची प्रदक्षिणा समुद्राला लागून खडकांवरून जाते. ती फक्त ओहोटीत आणि स्थानिकांना विचारूनच करावी. लाट उसळली की त्या खडकांवर धरायला काही नसतं.

पुढे बागमांडल्याहून वेश्वी, म्हणजे रायगडातून रत्नागिरी जिल्ह्यात. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास सुरू केलेलं हे काम गावाने आपलं केलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात, तर सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्राकडे जाताना दिसण्याची शक्यता असते. पिल्लांना हात लावायचा नाही, विजेरी मारायची नाही, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. मुलांना हे आदल्या रात्रीच समजावून सांगा. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. शाकाहारी घरातल्या मुलांनीही तो पाहावा.

त्यानंतर दाभोळहून धोपावे आणि गुहागर. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, तिथून जयगड, मग मालगुंड आणि गणपतीपुळे. शेवटी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. टिळकांचं जन्मस्थान आणि ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाला ठेवलेला थिबा राजवाडा पाहून घाटाकडे वळा. वाटेतलं एखादं गाव गाळावं लागलं, तर खुशाल गाळा.

फेरीबोटीत गाडी चढवताना

रेवस-रेडी सागरी महामार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल होईपर्यंत फेरीबोट हाच जवळचा मार्ग आहे. दाभोळला ती घेतली, तर चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. पण कारवानसाठी थोडी काळजी हवी. आदल्या दिवशी फोन करून गाडीची लांबी सांगा आणि जागा मिळेल का ते विचारा. पाणी पूर्ण उतरलेलं असताना धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांत खोलगट कोन तयार होतो, आणि लांब गाडीचा मागचा भाग तिथे घासतो. म्हणून भरती निम्मी चढल्यावरची फेरी निवडा. चालकाखेरीज सगळ्यांनी खाली उतरून चालत बोटीत जायचं. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवा, हातब्रेक लावा, गॅसचा रेग्युलेटर बंद असल्याची खात्री करा. शेवटच्या फेरीवर कधीही विसंबू नका. ती चुकली, तर रात्री अरुंद रस्त्याने शंभरेक किलोमीटर जावं लागेल.

तिथीवरून भरती ओळखा

कोकणातल्या कोळ्यांचा जुना ठोकताळा प्रत्येक कुटुंबाने शिकून घ्यावा. पंधरवड्यातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी, नऊच्या पुढे, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. गाव बदललं की यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून नेमकी वेळ स्थानिक माणसाकडून पक्की करून घ्या.

संकष्टीला गणपतीपुळ्याला गेलेली कुटुंबं दर्शन-प्रसाद आटोपून दुपारी पाण्याकडे वळतात. या हिशेबाने तेव्हा भरती टिपेला येऊन पाणी परत फिरायला लागलेलं असतं, आणि तीच वेळ धोक्याची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा समुद्र तुलनेने मवाळ असतो. लहान मुलं बरोबर असतील, तर सहल भांगाच्या दिवसांत बसवा.

पाण्यात उतरताना

आपल्याकडची मुलं विहिरीत पोहायला शिकतात आणि त्यांना पोहण्याचा आत्मविश्वास असतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी माणसाला ओढून नेतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. गणपतीपुळे आणि गुहागरच्या किनाऱ्यांवरही अशा घटना घडत आल्या आहेत.

नियम थोडेच आहेत, पण ते मोडायचे नाहीत. उतरण्याआधी गावातल्या माणसाला किंवा जीवरक्षकाला विचारायचं. पाणी चढत असतानाच उतरायचं, उतरायला लागलं की बाहेर यायचं. मुलांनी गुडघ्याच्या वर आणि मोठ्यांनी कमरेच्या वर जायचं नाही. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नसावा. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत आणि गढूळ दिसला, तर तो सुरक्षित समजू नका. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच समुद्रात परत जात असतं. कोणी त्या ओढ्यात सापडलंच, तर किनाऱ्याकडे झुंजत न येता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं. ओढा अरुंद असतो, बाजूला झालं की सुटका होते. वाचवायला कोणीही नुसतं उडी मारून जायचं नाही. दोरी, रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब असं तरंगणारं काही फेका. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातल्या अपघातासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवेत.

मुक्काम, पाणी आणि सांडपाणी

वाळूवर गाडी नेऊ नका. ते नियमाला धरून नाही, आणि ओली वाळू चाकं गिळते. भरती यायला लागली की ट्रॅक्टर शोधायलाही वेळ उरत नाही. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे इथे पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानं आहेत. गाडी आवारात लावून वीज-पाणी मिळेल का, हे आरक्षण करतानाच विचारा. घरगुती निवासाच्या अंगणातही सोय होते, पण १६ अँपिअरचा प्लग आणि गाडी वळायला जागा आहे का, हे फोनवरच पक्कं करा. दिवेआगर, केळशी, गुहागर इथल्या वाड्यांमधले रस्ते इतके चिंचोळे आहेत की समोरून दुसरी गाडी आली तर मागे घ्यावी लागते. अशा गावात कारवान बाहेर लावून चालत जा. नारळाच्या झाडाखाली गाडी लावू नका. पडलेला नारळ टप किंवा डोकं फोडतो. कोळीवाड्यात मासळी वाळवायची मोकळी जागा ‘रिकामी’ दिसते. ती त्यांची रोजीरोटी आहे, तिथे गाडी उभी करू नका.

पाण्याबाबत मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या कित्येक पट पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या अनेक वाड्यांवर टँकर येतो, कारण पाणी उतारावरून वाहून जातं. यजमानाच्या विहिरीचं पाणी विचारून आणि मोजून घ्या. गाडीतल्या स्वच्छतागृहाची टाकी फक्त निवासस्थानाच्या शौचालयातच, परवानगीने रिकामी करा. ओढ्यात किंवा खाडीत कधीच नाही. भांड्यांचं खरकटं पाणीही वाळूवर ओतू नका.

गॅस आणि जनरेटर

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कारवानमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरल्याचं तपासात पुढे आलं. या वायूला वास नाही, रंग नाही; झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. म्हणून झोपताना इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून वातानुकूलन लावायचं नाही. बाहेरची वीज मिळाली तरच रात्री एसी, नाहीतर जाळीच्या खिडक्या उघड्या आणि पंखा. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं छोटं यंत्र विकत घेऊन पलंगाजवळ लावा. स्वयंपाक दार-खिडकी उघडी ठेवून करा आणि गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद करा. खरं तर गाडीत चहा, दूध, खिचडी एवढंच करावं. जेवण गावातल्या खानावळीत किंवा घरगुती निवासात घ्या. घावणे, सोलकढी, उकडीचे मोदक मिळतात आणि चार पैसे त्या गावात राहतात.

बरोबर काय घ्यावं

पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. एक पोतं जालन्याची मोसंबी. घाटात मळमळणाऱ्यांना फोड चोखायला बरी पडते, आणि यजमानाच्या घरी रिकाम्या हाताने जावं लागत नाही. आजी-आजोबांची औषधं दुप्पट आणि डॉक्टरांची चिठ्ठी, सुती कपडे, टोप्या, मच्छरदाणी, पन्नास फुटांची दोरी, खाचखळग्यात चाकाखाली टाकायला दोन फळ्या, विजेरी, कचऱ्यासाठी गोण्या. थोडी रोख रक्कमही हवी, कारण खाडीकाठच्या गावांत मोबाइलचं नेटवर्क दगा देतं.

परत आल्यावर, गाडी आपली असेल तर, पहिल्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. खारी हवा आणि वाळू पत्र्याला आतून खाते. पोलादाच्या जालन्यात गंजाबद्दल याहून जास्त सांगायला नको.

शेवटी एक विनंती. घरात आजी-आजोबा हिंडते-फिरते आहेत आणि मुलं बरोबर यायला तयार आहेत, असा काळ प्रत्येक कुटुंबात थोडाच असतो. येत्या हिवाळ्यातली भांगाची तारीख दिनदर्शिकेत शोधा, निवासाला फोन करा आणि गावांची यादी निम्मी करून निघा.